मंगलचे अडुसष्ट

१२ एप्रिल १९८७, रवि. पिंप्राळा, जळगाव
नानाचं कार्ड. मंगल याही वर्षी दुसरीतच राहणार, गुरुजींनी निकालाआधीच सांगून टाकलंय. तिसरी खेप. पोर नऊ वर्षांची झाली. खाली, कार्डात जागा उरली म्हणून लिहावं तसं, "बापू, तू पोरास्नी बुद्धी मोजस म्हने. आखाजीले येशी तधय आम्हनी मंगलनी बी मोजी दे."

सु. वाचून हसत सुटली. म्हणे, तुमच्या भावाला वाटतं तुम्ही तागडी घेऊन हिंडता. नवऱ्याच्या धंद्याची इतकी थट्टा बरी नव्हे, म्हणालो. पण तसं खोटं तरी काय आहे. चौदा वर्षं अध्यापक विद्यालयात होणाऱ्या मास्तरांना 'बुद्धिमापन' शिकवतोय. चाचणीची पेटी विद्यालयात आमच्याच कपाटात असते.

घरातल्या कुणाचं कधी मोजलं नाही. मंगलचं तर नाहीच. दिवाळीत शेतापर्यंत गेलो तर सारा रस्ता माझ्या शर्टाचं टोक धरून चालत होती. काय निघेल याचा अंदाज आहे. म्हणूनच आजवर टाळलं, हे आता लिहून टाकतो.

१८ एप्रिल, शनि.
पेटी गावी न्यायला प्राचार्यांची परवानगी मिळाली. पेटीवर बोटभर धूळ. सोळा ठोकळ्यांतला एक नाही. सुताराकडून करून घेतला, रंगवला. बाकीच्यांपेक्षा किंचित मोठा झालाय. चालेल.

आज शेवटच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारलं, सर, बुद्धी म्हणजे नक्की काय? मी व्याख्या सांगितली. तिने लिहून घेतली. सगळ्यांनीच लिहून घेतली आणि घंटा झाली. घरी आलो तर सु. दारातच. गॅसचा नंबर लावायचं आजही विसरलो होतो. तिसऱ्यांदा.

२६ एप्रिल, रवि. गावी
पिंप्राळा ते जळगाव, धुळे, साक्री, पिंपळनेर. चार गाड्या, अंगाचा भुगा. सु. शाळेच्या पेपरांमुळे मागेच राहिली. स्टँडवर नाना सायकल घेऊन हजर. पेटी कॅरियरला बांधू म्हटलं तर ऐकेना. डोक्यावर घेतली आणि सायकल मला दिली. दीड कोस तसाच चालला, मी मागून. वाटेत जो भेटेल त्याला सांगत होता, बुद्धी मोजानी पेटी शे, जळगावथीन आनी.

आठ वर्षांनी मोठा आहे माझ्यापेक्षा. मला लाज वाटत होती आणि तो मिरवत होता.

२७ एप्रिल, सोम.
मोजली.

वहिनीने मंगलला पहाटेच न्हाऊ घातलं, दोन वेण्या, लाल रिबिनी. परीक्षेला जाताना देतात तसं दही-साखर हातावर ठेवलं. नाना ओसरीच्या पायरीवर पाठ करून बसला, कुणाला आत येऊ देईना. शेजारची म्हातारी विस्तव मागायला आली तर तिलाही परत पाठवलं, पेपर चालू शे म्हणून.

मंगलला फार मजा आली. ठोकळ्यांची नक्षी बघून तशीच करायची होती. तिने सगळे ठोकळे लाल बाजू वर करून ओळीत लावले आणि सुताराने केलेला थोरला ठोकळा अचूक वेगळा काढला. "हाऊ यासना बाप शे." गुण शून्य. चित्रात काय राहिलंय ते सांग, म्हटलं. घर होतं, त्याला दार नव्हतं. तिने बराच वेळ पाहिलं. "आंगन झाडेल नही." शून्य. चार आकडे ऐकून तेच परत म्हणायचे, तर तीन म्हणायची आणि चौथा मला विचारायची.

इथे मला माझ्या सहकाऱ्यांसारखं म्हणता आलं असतं की चाचणी शहरी आहे, खेड्यातल्या मुलांना लागू नाही. असा एक लेखही मी लिहिलाय. पण खेड्यांतली पोरं मी पूर्वी याच पेटीने मोजलीत. तिच्याएवढ्या, शेरडं वळणाऱ्या पोरी भराभर करतात. मंगलला बारापुढे मोजता येत नाही. कालचं आज आठवत नाही. विहिरीवरून घरी येताना अजून चुकते. चाचणीला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे.

संपल्यावर म्हणाली, "आजून दे ना काका." मी दिलं. नियमात बसत नाही, तरी दिलं. ठोकळे दिले नुसते खेळायला.

बेरीज तीनदा केली. तीनदा अडुसष्टच आले.

२८ एप्रिल, मंगळ.
मोठी चूक झाली. चूक कसली, भेकडपणा.

सकाळी चहा घेताना नानाने विचारलं, "कितला पडनात?" मी काय सांगणार होतो ते रात्रभर घोकलं होतं. हळूहळू शिकणारी मुलं, त्यांचे गुण वेगळे, वगैरे. तोंडातून आलं, अडुसष्ट.

नाना थांबला. बशी खाली ठेवली. "तुले मॅट्रिकले कितला व्हतात?"

चौसष्ट टक्के, म्हटलं.

नाना हसायलाच लागला. हसता हसता डोळे पुसले धोतराच्या सोग्याने. वहिनीला हाक मारली, मंगलला उचलून खांद्यावर घेतलं, नऊ वर्षांच्या पोरीला. काकापेक्षा चार जास्त! मला बोलायला एक क्षण होता. तो गेला. मग दुसरा होता, तोही गेला. मी चहा प्यालो.

बुद्ध्यांक हे टक्के नव्हेत, हे पहिल्या तासाला फळ्यावर लिहून देतो मी. वर्गात दरवर्षी कुणी तरी चुकतंच, आणि मी दरवर्षी त्याला हसतो.

२ मे, शनि. जळगावला परत
काल आखाजी झाली, आमच्याकडची अक्षय्य तृतीया. पोरी झोक्यावर, गाणी, घरोघर खापरावरच्या पुरणपोळ्या. नानाने पिंपळनेरहून चार किलो पेढे आणले. मंगलला पुढे घालून घरोघर. ती ताट धरायची आणि स्वतःच सांगायची, माले अडुसष्ट पडनात. सासरहून आलेल्या पोरी तिला झोक्यावर बसवून घेत होत्या. एरवी तिला कुणी बसवत नाही, ती मध्येच उतरते म्हणून.

गुरुजींकडेही गेलो. ते म्हणाले, अडुसष्ट? कशात? आणि माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं. भला माणूस. पेढा घेतला, मंगलच्या डोक्यावर हात ठेवला, शाब्बास म्हणाला.

निघताना स्टँडवर नाना म्हणाला, "मन्हावर नही गयी रे बापू. तुन्हावर गयी."

धुळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. काही दिसलं नाही.

५ मे, मंगळ.
झोप नीट नाही. जुनं एक सारखं आठवतंय, लिहून टाकतो म्हणजे सुटेल.

मी सहा वर्षांचा, नाना चौदाचा. आबांकडे साक्रीचे कुणी साहेब जेवायला आले होते. आबांनी आम्हा दोघा पोरांना उभं केलं. साहेबांनी एकोणिसाचा पाढा विचारला, आधी नानाला. नाना एकोणीस सातेला अडखळला. मग लहान म्हणून मला साताचा विचारला, मी घडाघडा म्हटला. साहेब म्हणाले, हा हुशार आहे, याला शिकवा. त्या वर्षी नानाची शाळा सुटली, कारण शेतात माणूस हवं होतं, आणि पुढे माझी पिंपळनेरला, मग धुळ्याला सोय झाली. दोन पोरांचं सगळं आयुष्य एका जेवणात ठरलं. साताचा आणि एकोणिसाचा पाढा सारखे नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर कॉलेजात जाईपर्यंत आलं नाही. एवढी माझी बुद्धी.

नानाला एकदा विचारलं होतं, वाईट वाटलं का. म्हणाला, कसानं वाईट, बरं झालं सुटनू. खरंच तसं वाटत असेलही त्याला. मला कधी कळलं नाही.

१० मे, रवि.
सु.ला सगळं सांगितलं. वाटलं होतं हसेल. हसली नाही. भाजी निवडत म्हणाली, तुम्हाला बरोबर उत्तर येत होतं आणि तुम्ही दिलं नाहीत, असं पहिल्यांदाच झालं असेल. मग थोड्या वेळाने, तिचं पुढे काय?

तेच. पुढे काय. धुळ्याला अशा मुलांची निवासी शाळा आहे. आमचे विद्यार्थी पाठ बघायला जातात तिथे, मीच नेतो. चांगली आहे. मुलींच्या दोन जागा रिकाम्या आहेत, अर्जाची मुदत १२ जून. अर्जाला बुद्ध्यांकाचा दाखला लागतो, तो मी देऊ शकतो. बापाची सही लागते. ती नाना कशी देईल? त्याची पोर फर्स्ट क्लासात पास झालीय.

२१ मे, गुरु.
नानाचं कार्ड. रागात लिहिलंय. गुरुजींशी भांडला. मन्हा भाऊ प्रोफेसर शे, त्याने अडुसष्ट दिलेत, तुम्ही पोरीला मुद्दाम दुसरीत बसवता, तिला एकदम चौथीत घाला. चारचौघांत म्हणाला हे, ग्रामपंचायतीपुढे. गुरुजी उलट बोलले नाहीत. नाना लिहितो, तू येईसन सांग त्यास्ले.

म्हणजे माझ्या गप्प बसण्याने एका भल्या माणसाचा अपमान झाला. आणि मंगल चौथीत बसली तर तिथे तिचं काय होईल ते मला ठाऊक आहे. पोरं हसतील, ती आधी त्यांच्यासोबत हसेल, मग तिला कळेल. इतकं कळण्यापुरती अक्कल तिला नक्कीच आहे.

आज नानाला तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली. शिकल्या-सवरल्या माणसाला असत्य बोलता येत नसलं तरी सत्य लांबवता छान येतं.

२८ मे, गुरु.
दुपारी दारात वहिनी. सोबत मंगल, हातात पिशवी. नाना नाही. वहिनी लग्नानंतर एकटी अशी कधी जळगावला आली नव्हती. वाटेत दोनदा गाडी चुकली म्हणे, धुळ्याला एका पोलिसाने बसवून दिलं.

जेवणं झाली. मंगल सु.च्या मांडीवर डोकं ठेवून पंख्याखाली झोपली. वहिनी पदराशी चाळा करत बसली होती. मला वाटलं, आता गुरुजींबद्दल विचारणार. म्हणाली, "भाऊ, अडुसष्ट म्हनजे चांगलं नही ना?"

मी मान हलवली. नाही.

"माले माहीत व्हतं."

मी विचारलं, कधीपासून? "ती मन्ही पोर शे. माले कळाव नही का?" पाळण्यात होती तेव्हापासून म्हणे. दूध ओढायला शिकायलाच तिला पंधरा दिवस लागले. तिच्या थोरल्या भावाला एक दिवस लागला होता.

मग पेढे वाटताना का नाही बोललात, असं सु.ने विचारलं. मला धीर झाला नसता. वहिनीचं बोलणं आठवतंय तसं लिहितो. "जलमनी तधय जिलबी वाटी व्हती, पोर म्हनीसन. पेढा पास व्हयनी तं वाटतंस, लगीन जमनं तं वाटतंस. हिन्हं काय जमनार शे? येकदाव वाटात. मी म्हनं, वाटू द्या."

सु. उठून आत गेली. मी जागचा हललो नाही. मी हुशार, आणि या बाईने माझं खोटं आमच्या डोळ्यांदेखत उचललं, त्याचा सण केला आणि महिनाभर तोंडातून शब्द काढला नाही. पाचवी शिकलेली.

पण ती पेढ्यांचं सांगायला आली नव्हती. एकच विचारायला आली होती. "मी मरी गऊ तं हिले कोन पाही?"

शाळेचं सांगितलं. ती फार प्रश्न विचारत बसली. तिथे केस कोण विंचरतं. भाकर मिळते की पोळी. पोरीला अंधाराची भीती वाटते, दिवा ठेवतात का. आपलं आपण राहायला शिकवतील का. यांतलं एकही मी कधी त्या शाळेत विचारलं नव्हतं, इतक्या वेळा जाऊन. शेवटी म्हणाली, सांगणं तुमचं काम आहे भाऊ, मी सांगितलं तर ते म्हणतील आईनेच पोरीला वेडी ठरवली.

६ जून, शनि. गावी
सांगितलं.

आधी गुरुजींकडे गेलो, हात जोडले. ते म्हणाले, अहो, बाप आहे तो, आणि मला चहा दिला.

नाना कांद्याच्या चाळीत होता, सडका कांदा बाजूला काढत. मीही बसलो काढायला. मंगल टोपली धरून होती. तिला वहिनीने हाक मारून नेलं. मी पुस्तकातलं बोलायला सुरुवात केली, माझं मलाच ऐकवेना. मग आमच्या बोलीत सांगितलं, की अडुसष्ट शंभरपैकी नव्हते. साध्या माणसाला तिथे शंभर असतात. सगळ्यांना, कमी-जास्त शंभरच.

नाना कांदे काढत राहिला. मग, "तुले कितला?"

माझं कुणी मोजलं नाही, म्हटलं. खरंच नाही. आता मोजताही येणार नाही, उत्तरं सगळी पाठ आहेत.

"माले?"

तुझंही नाही.

"मंग आम्हनी पोरनंच काबरं मोजं?"

तूच म्हणाला होतास, असं ओठावर आलं होतं. देवाने वाचवलं, बोललो नाही. मला रडू आलं. नाना उठला नाही, माझ्याकडे आला नाही, कांदेच काढत होता. हात मात्र चुकत होते. चांगला कांदा सडक्यात टाकत होता. तो मी काढून परत चांगल्यात ठेवत होतो.

उन्हं कलल्यावर म्हणाला, "म्हनजे मन्हावरच गयी."

वाईट वाटून म्हणाला असं नव्हतं ते. तीस वर्षं मला देऊन टाकलेलं काही तरी परत घेतल्यासारखा म्हणाला.

अर्ज दिला. त्याने घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. सही करतो म्हणाला नाही, करत नाही म्हणाला नाही. वहिनी दारातून बघत होती.

११ जून, गुरु. जळगाव
वहिनीचं पत्र, शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलेलं. नाना रविवारी कुणाला न सांगता धुळ्याला गेला आणि शाळेच्या कुंपणाबाहेर दिवसभर बसून राहिला. संध्याकाळी परत आला, एवढंच म्हणाला की पोरं ओळीने हात धुतात. जेवला नीट. मंगलला जवळ घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी गुरुजींकडे जाऊन आला, काय बोलला ते सांगितलं नाही. अर्ज खिशातच आहे, बंडी धुवायलाही देत नाही.

सु. म्हणते, उद्या तुम्ही धुळ्याला जा. सही करा म्हणायला नाही, नुसते जा.

१२ जून, शुक्र. धुळे, शाळेच्या व्हरांड्यात
मुदतीचा शेवटचा दिवस. सकाळी स्टँडवर पोचलो तर तिघंही आधीच उतरलेली. मंगल नव्या झग्यात. सोबत ट्रंक नाही. फक्त पिशवी.

इथे आल्यावर मंगलने व्हरांड्यातल्या एका मुलीचा हात धरला. ती मुलगी तिच्याहून मोठी, तोंडातून लाळ गळते. मंगलने स्वतःच्या झग्याने पुसली. वहिनी पाणी बघायला, मोरी बघायला, झोपायची खोली बघायला गेली ती अजून आलेली नाही.

मोठ्या बाईंपुढे मी माझा दाखला ठेवला. त्यांनी आकडा पाहिला, टाचणी लावून फाईलीत घातला. म्हणाल्या, हा दारापर्यंतच लागतो, सर. मग माझ्याकडे पाठ करून, म्हणजे तशी नाही पण खुर्ची वळवून, नानाला विचारलं, तुमच्या मुलीला काय काय येतं ते सांगा. नाना माझ्याकडे बघायला लागला. मी बाहेर आलो.

इथून ऐकू येतंय. आधी शेळी. त्या खोडकर शेळीचं दूध आख्ख्या घरात फक्त तिला काढता येतं, दुसऱ्या कुणाला ती लाथ मारते. भाकर गोल होत नाही, पण हात भाजला तरी टाकत नाही. "खोटं बोलस नही. तिले येसच नही." बाई हसल्या. मग नानाच्या आजारपणातलं काही, ते मला माहीत नव्हतं. तेरा दिवस उशाशी बसली होती म्हणे, कुणी उठ म्हटलं तरी उठली नाही, आणि तेरा दिवस हे तिला मोजता येत नव्हते, ते नानाने मोजले.

बाई लिहून घेतायत. कागद उलटल्याचा आवाज आला. आता मागच्या बाजूला लिहीत असतील.

वहिनी आली, माझ्याशेजारी बसली. दिवा ठेवतात, म्हणाली. अंगणात मंगल त्या मुलीला घेऊन फिरतेय, शर्टाचं टोक यावेळी त्या मुलीच्या हातात, म्हणजे मंगलच्या झग्याचं.

साडेबारा. कार्यालय एकला बंद होतं. अर्ज टेबलावर काढलाय, खिडकीतून दिसतो, घड्या पडलेला, सहीची जागा कोरी. नानाकडे पेन नाही. बाईंच्या हातातलं चालू आहे. दुसरं हे माझ्याकडे आहे, ज्याने लिहितोय. आत नेऊन द्यायला हवं. पण नाना अजून सांगतोय.